नायिकेची उडी

पडद्यावर मी बरीच वर्षं दिसलो, पण मला ओळखलं एकाच माणसानं. ते माणूस म्हणजे माझी बायको. आणि तिनं ओळखलं तेव्हा मी चार लोकांत हसत हसत सांगितलं, की ही काहीतरीच बोलते. मी बोलका माणूस नाही. असलं काही सांगायची वेळ आली की मी तंबाखू मळत बसतो किंवा पाऊसपाण्याचा विषय काढतो. पण आता केस पांढरे झाले, गुडघे चालताना वाजतात, आणि घरात हे बोलण्याजोगं कोणी नाही. म्हणून लिहायला बसलो.

आमचं गाव पाथरीच्या पुढं, जीपनं जायचं. जमीन होती, पण कोरडवाहू. दसरा झाला की अर्धं गाव ऊसतोडीला निघायचं, त्यात आम्हीही. तोडीवर माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस आला तर अर्धा कोयता. आमचं लग्न झालं आणि त्याच हंगामात आम्ही एक कोयता झालो. मी ऊस तोडायचा, तिनं पाचट काढून मोळी बांधायची. ट्रक आला की बायका मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वर चढायच्या. फळी म्हणजे वीतभर रुंदीची, खाली-वर हलणारी. मी ट्रकवर उभा राहून मोळ्या घ्यायचो आणि रचायचो.

ट्रक भरला, दोर आवळला, की बाकीचे दोराला धरून उतरायचे. मी उडी मारायचो. अंगानं लहान, वजनाला हलका, आणि खाली पाचटाचा ढीग. उडी मारायच्या आधी मात्र मी डाव्या खांद्यावरून एकदा मागं बघायचो. कारण ती कधी कधी शेवटची मोळी देऊन फळीवरून उतरत असायची. मी वरून जोर दिला की ट्रक हलायचा आणि ट्रकबरोबर फळीही. ती उतरली आहे का, एवढंच बघायचं. ती खालून ओरडायची, "उतरले मी! मारा आता, का मुहूर्त लागतो?" बाकीच्या बायका हसायच्या. "तुजं माकड लय गुणाचं हाय बाई," म्हणायच्या. ती म्हणायची, "माकड असू द्या, माजंच हाय."

हे शब्द मला अजून ऐकू येतात. अंगाला उसाच्या पानांची टोचरी कूस लागलेली, घाम, पाचटाचा वास, आणि खाली मान वर करून उभी असलेली ती.

तिकडे कारखान्याच्या भागात एकदा सिनेमावाले आले. उसाच्या फडात मारामारीचा सीन होता. जेवायच्या सुट्टीत त्यांच्या फाइट मास्तरनं मला ट्रकवरून उडी मारताना पाहिलं. धिप्पाड माणूस, कानात बाळी. त्यानं बोलावून घेतलं आणि पुन्हा मारायला लावली. मग म्हणाला, "डरता नहीं?" मी म्हणालो, "कायला भ्यायचं, खाली पाचट हाय." तो हसला. जाताना मुंबईचा पत्ता दिला.

पुढच्या वर्षी तोडीला न्यायला ट्रक गावात आला तेव्हा मी मुंबईला जायचं ठरवलं. "बघून येतो," एवढंच तिला बोललो.  तिच्या भावाच्या टोळीत ती गेली, अर्धा कोयता म्हणून. त्यानंतर आम्ही कधी पुन्हा एक कोयता झालो नाही.

मुंबईत पहिली वर्षं मार खाण्यात गेली. नायक हात उगारणार आणि आम्ही दहाजण उडून पडणार. टेबलावर पडायचं, काचेतून जायचं, जिन्यावरून गडगडत यायचं. उंचावरून पडायचं असेल तर खाली पुठ्ठ्याचे रिकामे खोके रचलेले असायचे, त्यावर गाद्या. खोके रिकामेच पाहिजेत. पडलं की त्यांतली हवा निघते आणि माणूस वाचतो. मला हे काम आवडायचं, हे खोटं कशाला बोलू? वरून सुटलं आणि खाली टेकलं नाही, त्या मधल्या क्षणात डोक्यात काही नसायचं. घर नाही, गाव नाही, देणंघेणं नाही.

मग एके दिवशी मास्तरनं माझं मनगट हातात धरलं, कंबर बघितली, आणि ड्रेसवाल्याला म्हणाला, "इसको घागरा पहनाओ."

तेव्हा अशा उड्या मारणाऱ्या मुली आमच्या लाइनीत फार थोड्या होत्या. नायिकेला घोड्यावरून पाडायचं, गाडीखालून ओढायचं, तर अंगानं लहान असलेला फायटर शोधायचे आणि त्याला केसांचा टोप घालायचे. डुप्लिकेट म्हणतात त्याला. मी नायिकेचा डुप्लिकेट झालो. हातापायाचे केस काढायचे, बांगड्या घालायच्या, घागऱ्याच्या आत गुडघ्यांना पट्ट्या. आणि मिशी उतरवायची.

मिशीचंच जड गेलं. आमच्याकडे बाप गेल्यावर मुलगा मिशी उतरवतो. तात्या तर धडधाकट होते, बैल धरत होते. म्हणून गावाला यायच्या आधी मी काम घ्यायचो नाही, मिशी वाढेपर्यंत खोलीत बसून राहायचो. एकदा अर्धवट वाढलेल्या मिशीनं आलो तर आई दारातच ओरडली, "बाप जित्ता असून तोंड असं करून आलास? काय रं हे?" मी म्हणालो, शिपायाचा पार्ट होता. बायको चुलीपाशी बसली होती. तिनं मान वर करून माझ्या तोंडाकडे बघितलं, मग मनगटाकडे. मनगटावर बांगड्यांच्या काचेनं ओरखडे उठले होते. 

गावात मी सांगितलं होतं, की मी व्हिलनच्या टोळीत असतो, हाणामारी करतो. ते लोकांना आवडायचं. खरं सांगायची सोय नव्हती. आमच्याच आळीतला एकजण तमाशात लुगडं नेसून नाचायचा. त्याच्या मागं पोरं काय काय बोलायची आणि त्याच्या भावाची सोयरीक किती ठिकाणी मोडली, हे मी लहानपणापासून पाहिलं होतं. माझ्या पाठचा भाऊ तेव्हा लग्नाचा होता.

नायिकेची कामं करताना माझी एक खोड मास्तरच्या डोक्यात जायची. उडी मारायच्या आधी मी मागं बघायचो. डाव्या खांद्यावरून, एकदाच. "पीछे कौन है तेरा?" तो ओरडायचा. "नीचे देख!" मी हो म्हणायचो आणि पुन्हा बघायचो. मुंबईत मागं कोण असणार? फळी नाही, मोळी नाही. पण मान वळायचीच. मान वळली नाही तर पाय सुटायचा नाही.

एका सिनेमात नायिका जळत्या गिरणीच्या गच्चीवरून उडी टाकते. ती उडी माझी. त्या उडीचा टेक एकच झाला, दुसरा घेता आला नाही. त्यामुळे मागं बघितलेलंही तसंच राहिलं. पुढं फिल्म कापायला-जोडायला बसले तेव्हा त्यांना वाटलं, बरं झालं, नायिका शेवटचं नायकाकडे बघते असं दिसतं. मास्तरनंच मला सांगितलं, की लोक त्या बघण्यावर खूश आहेत, बाईनं काय काम केलंय म्हणतात. मी हसलो. आमच्या धंद्यात हेच असतं. पाठ आमची, चेहरा त्यांचा.

तो सिनेमा पाथरीच्या टॉकीजला लागला. दुपारच्या खेळाला आई, बायको आणि शेजारच्या दोघी-तिघी गेल्या. मी तिथं नव्हतो. पुढं जे झालं ते मी आईच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं आहे, की मी तिथं मागच्या बाकड्यावर बसलो होतो असं वाटतं. नायिका गच्चीवर पळत आली, पाठ कॅमेऱ्याकडे. कठड्यावर चढली. मान वळवली. आणि माझी बायको बाकड्यावरून उठून उभी राहिली. "अगं बाई, हे हायेत हे!" असं ओरडली. उडी पडली तशी, "धरा की कोणीतरी त्यांला!" म्हणून किंचाळली. सगळं थेटर फुटलं हसून. बॅटरीवाला आला, तिच्या तोंडावर उजेड मारला आणि म्हणाला, "बाई, खाली बसा, हिरोईन मरत नसती." आईनं पदर धरून तिला खाली ओढलं.

त्या दिवाळीला मी घरी आलो, मिशी नीट वाढवून. भावाच्या सोयरिकीचं चाललं होतं. पोरीकडचे पाहुणे त्याच दिवशी आले होते, अंगणात सतरंजीवर बसले होते. बोलणी बरी चालली होती. आईला हुरूप आला आणि तिनं ती टॉकीजची गोष्ट काढली. "आमची मोठी सून अशी खुळी हाय बघा. हिरोईन उडी मारायली अन् ही म्हनती, माजा नवराच हाय!" पाहुणे हसले. पोरीचा बाप माझ्याकडे वळून म्हणाला, "काय पाव्हणं, लुगडं नेसता का काय मुंबईत?"

ती दारात चहाचं ताट घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात तक्रार नव्हती. मी काय सांगतो याची ती वाट बघत होती, एवढंच. तिला खात्री होती, ते मला दिसत होतं.

मी म्हणालो, "ऊस तोडून तोडून डोळ्याला ऊन लागलंय तिच्या. कोणीबी मीच दिसायलोय आता." आणि मीच पहिल्यांदा हसलो.

सगळे हसले. तिनं ताट खाली ठेवलं, एक एक कप पाहुण्यांपुढं सरकवला आणि आत गेली. सोयरीक जमली.

आत जाऊन तिला तरी खरं सांगता आलं असतं. दार लावून, हळू आवाजात. मी मनाशी ठरवलंही होतं, की भावाचं लग्न झालं की सांगू. लग्न झालं. मग म्हटलं, पुढच्या खेपेला. नंतर नंतर मला वाटायला लागलं, की ती विसरली असेल. खरं तर मला लाज घागऱ्याची नव्हती. तिनं मला ओळखलं आणि मी तिला वेड्यात काढलं, याची होती. आणि ती लाज सांगितल्याशिवाय जात नाही अन् सांगवत नाही.

घर मात्र विसरलं नाही. ज्या पोरीच्या सोयरिकीसाठी मी खोटं बोललो, ती आमची धाकटी सून, तिनं तो विनोद हातात घेतला. मी भासरा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा थोरला भाऊ, त्यामुळे ती माझ्याशी सरळ बोलायची नाही, डोक्यावर पदर घेऊन बाजूला व्हायची. पण मी ओट्यावर असलो की आतून माझ्या बायकोला मुद्दाम मोठ्यानं म्हणायची, "आक्का, या लवकर, टीव्हीवर दादा आले! आज हिरवी साडी नेसलीय!" नायिका नाचत असो, रडत असो, नदीतून भिजत येत असो, दादा आले. पोरंही शिकली. "मोठे काका आले, मोठे काका आले." सुरुवातीला बायको कसंनुसं हसायची. मग हसणं सोडलं. टीव्ही लागला की ती दुसऱ्या खोलीत काम काढायची. टॉकीजला ती पुन्हा कधी गेली नाही.

आणि माझ्याकडे बघणंही तिनं सोडलं. जेवायला वाढायची, आजारपणात उशाशी बसायची, काही कमी केलं नाही. पण मी गावातून निघालो की पूर्वी वळणापर्यंत दारात उभी असायची, ते बंद झालं. मी वळून बघायचो तर दार रिकामं.

मग उड्या मारणाऱ्या मुली आल्या. माझ्याहून कितीतरी चांगल्या. दोर आले, पट्टे आले. माझं काम कमी होत होत थांबलं, आणि मी गावाला आलो ते कायमचा. तात्या गेले, मिशी रीतीनं उतरवली. मला वाटलं होतं, आता निवांत तिच्यासोबत राहू. पण आमच्या लेकीला नांदेडला नोकरी लागली, तिचं बाळंतपण झालं, ही तिकडं गेली आणि तिकडचीच झाली. नातू शाळेत जायला लागला तरी परतायचं नाव नाही. फोनवर विचारतो, "कधी येतीस?" ती म्हणते, "येते की. गोळ्या घेतल्या का?"

आता आमच्या शिवारातही कालव्यावर ऊस आहे. बाहेरच्या टोळ्या तोडायला येतात. ट्रक भरायचा असला की मी बांधावर जाऊन उभा राहतो. फळीवरून बायका चढत असतात. टोळीवाल्यांना वाटतं, मालक वजन राखायला आलाय.

यंदा पुतण्याचं लग्न ठरलं, तेव्हा ती आली. हळदीच्या आदल्या दुपारी घर भरलेलं होतं. मांडव घालून झाला होता. नव्या सोयरिकीकडचे चार पाहुणे सामान घेऊन आले होते, ते ओट्यावर जेवून बसले होते. बायका मांडवात गहू निवडत होत्या. ती त्यांच्यात होती, सुपात मान घालून. पोरांनी बाहेर आणलेल्या टीव्हीवर कुठलासा जुना सिनेमा चालू होता. नायिका घोड्यावर चढली आणि धाकटी सून म्हणाली, "आक्का, बघा बघा! दादा घोड्यावर!"

नवे पाहुणे विचारायला लागले, काय भानगड आहे. आईला आता नीट ऐकू येत नाही, पण ही गोष्ट ती ओठांवरून ओळखते. ती खाटेवरून सांगायला लागली, टॉकीज, बॅटरीवाला, सगळं. मी बायकोकडे बघितलं. तिचे हात थांबले नव्हते. खडे काढून बाजूला टाकत होती. कपाळ तेवढं खाली गेलं होतं, पोर मार खायच्या आधी घालतं तसं.

मी म्हणालो, "तो मीच होतो."

पाहुणे हसले. भाऊ म्हणाला, "बघा, दादाला उशिरा का व्हईना, वैनीची दया आली."

"दया न्हाई. घागरा घालून उडी मारली होती मी. बायांचीच कामं केली तिथं. ती खरं बोलली होती, मी खोटं बोललो."

ते आणखी हसले. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. इतकी वर्षं घासून घासून त्यांनी तो विनोद असा केला होता, की खरंही त्यातच जाऊन बसलं. धाकटी सून पदराआडून म्हणाली, "आक्का, मग दादाची हिरोईन दाखवा की आमाला!" पाहुण्यांतला एकजण म्हणाला, "हां, हून जाऊ द्या!"

मी ओट्याच्या कडेपासून जरा मागं उभा राहिलो. धोतराचा सोगा घागऱ्यासारखा डाव्या हातात धरला. टाचा उचलल्या, कंबर जरा वळवली. इतकी वर्षं केलेलं काम अंगात असतंच. नायिकेच्या चालीनं दोन पावलं पुढं गेलो आणि डाव्या खांद्यावरून मागं बघितलं. मग उडी मारली. ओटा तो केवढा, कमरेइतका. पण गुडघ्यातून कळ डोक्यात गेली.

हसणं बंद झालं होतं. टीव्हीवरचा घोडा तेवढा पळत होता. धाकटी सून तोंडावरचा पदर तसाच धरून उभी होती. आईनं विचारलं, "मग तवा का न्हाई सांगितलं रं?" मी भावाकडे बघितलं, मग धाकट्या सुनेकडे.  सुनेला कळलं असावं. ती आत निघून गेली.

बायकोनं सूप खाली ठेवलं, गव्हाचं पोतं बांधलं आणि पाहुण्यांना पाणी विचारायला गेली. लग्न होईपर्यंत ती माझ्याशी त्यावर एक शब्द बोलली नाही. धाकटी सून तिच्या मागं मागं करत होती, "आक्का, तुमी बसा, मी करते." ती म्हणायची, "कर."

लग्नानंतर मी तिला पाथरीच्या स्टँडवर सोडायला गेलो. नांदेडची गाडी लागायची होती. आम्ही बाकड्यावर बसलो, मध्ये तिची पिशवी. मला वाटलं, राहा म्हणावं. तोंडाशी आलं होतं. पण कोणत्या तोंडानं म्हणणार? तिनं पिशवी पायाशी घेतली.

"एक विचारू का?" ती म्हणाली.

"विचार की."

"त्या उडीत लागलं होतं का तुमाला?"

 टॉकीजमध्ये सगळ्यांनी एक नायिका पडताना पाहिली होती. तिनं नवरा पडताना पाहिला होता. आणि मला लागलं का, एवढं विचारायची जागाही मी तिला ठेवली नव्हती.

"लागलं होतं," मी म्हणालो. "खोके कडेला कमी पडले. खांद्याचं हाड मोडलं, बरगड्यात मुका मार. दवाखान्यात होतो."

"कोन होतं जवळ?"

"कोणी न्हाई."

"मला वाटलंच," ती म्हणाली. "तुमी उडीत कधी उताने व्हत न्हवते. उसाच्या ट्रकवरून उडी मारली की हवेतच कुशीवर व्हायचे. तिथं उतानेच खाली गेले. मी घरी येऊन दोन दिवस जेवले न्हाई. आत्याबाई म्हनल्या, सिनेमा बघून भूक मरती का कोनाची."

गाडी लागली. लोक धावले. मी पिशवी उचलली तर तिनं ती माझ्या उजव्या हातातून काढून घेतली. मोडलेला खांदा उजवाच, पण ते तिनं विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं.

ती चढली आणि खिडकीशी जागा धरली. गाडी निघायच्या आधी तिनं खिडकीतून विचारलं, "लय दुखलं का?"

"लय," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. गाडी मागं घेत घेत वळली. स्टँडच्या बाहेर पडेपर्यंत ती माझ्याकडे बघत होती.